पहिल्या कादंबरीचं बाड आणि उत्तराची वाट : सांगलीतलं एक प्रकरण

हे प्रकरण सांगलीतल्या एका नवलेखकाचं आहे. त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. त्यांचं, ते काम करतात त्या अडतीचं (शेतमालाच्या दलालीच्या पेढीचं) आणि प्रकाशकांचं नाव दिलेलं नाही, ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. अडतीत सगळे त्यांना दिवाणजी म्हणतात, म्हणून इथेही दिवाणजीच. मी महाविद्यालयात मराठी शिकवते आणि महिन्यातून एकदा भरणाऱ्या आमच्या लेखनकट्ट्यावर नव्या मंडळींचं लेखन वाचते. दिवाणजी तिथेच भेटले, त्यामुळे पुढचं बरंचसं जवळून पाहिलं.

कादंबरी कशी लिहावी यावर मराठीत भरपूर बोललं जातं. ती लिहून झाल्यावर, बाड प्रकाशकाकडे गेल्यापासून उत्तर येईपर्यंतच्या महिन्यांबद्दल कोणी बोलत नाही. पुस्तकाचं बरंवाईट ठरवणारे निर्णय मात्र याच महिन्यांत घेतले जातात, आणि तेही घायकुतीला येऊन.

पार्श्वभूमी

दिवाणजी हरिपूरचे. कृष्णा-वारणेच्या संगमावरचं हे गाव हळदीच्या पेवांसाठी ओळखलं जायचं. जमिनीत खोल खणलेलं, तोंडाशी अरुंद, आत ऐसपैस असं पेव. त्यात ठेवलेली हळद कीड न लागता वर्षानुवर्षं टिकायची. २००५च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं, आणि तो व्यवसाय पुन्हा पहिल्यासारखा उभा राहिला नाही. दिवाणजींचे वडील पेवं भरण्या-उघडण्याचं काम करायचे. मुलगा बी. कॉम. झाला आणि मार्केट यार्डातल्या अडतीत हिशोबाला बसला. आज वय पन्नाशीच्या पुढे.

२००८ साली ८१वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सांगलीत भरलं. अध्यक्ष होते सांगलीचेच म. द. हातकणंगलेकर. दिवाणजी सुट्टी काढून ग्रंथप्रदर्शनात फिरत राहिले. इतक्या पुस्तकांत आपल्या पेवांचं कुठेच काही नाही, हे तेव्हा त्यांच्या मनाला लागलं ते लागलंच.

प्रत्यक्ष लिहायला लागले ते ऑगस्ट २०१९च्या पुरानंतर. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट मानतात. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. घर धुऊन, गाळ काढून झाल्यावर रात्री जेवणं झाली की ते फुलस्केप वहीत लिहायला बसायचे. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आलं, तेव्हा भरलेल्या वह्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून विश्रामबागेतल्या मेव्हण्यांकडे पोचवल्या. त्या वर्षाच्या अखेरीस कादंबरी पूर्ण झाली. डीटीपी करून घेतल्यावर डेमी आकारात २४० पानं भरली, म्हणजे सोळा पानांचा एक असे १५ फॉर्म.

जानेवारी २०२२ मध्ये, संक्रांत झाल्यावर, त्यांनी स्पायरल करून एक प्रत पुण्याच्या नावाजलेल्या प्रकाशकाकडे स्पीड पोस्टानं पाठवली. सोबतचं पत्र अर्ध्या पानाचं होतं. त्यात कादंबरीचा विषय होता, स्वतःची ओळख होती, 'आपल्या अभिप्रायाची वाट पाहतो' असं होतं. कधीपर्यंत, ते नव्हतं.

अडचण

दोन आठवड्यांनी त्यांनी फोन केला. पलीकडून आवाज सौजन्याचा होता. "आलंय. वाचायला दिलंय. तीन-चार महिने धरा."

पुढचे महिने या तीन वाक्यांवर गेले. 'वाचायला दिलंय' म्हणजे कुणाला? त्यांना हळद माहीत असेल का? तीन की चार? दिवाणजींचं मन त्या शब्दांभोवती फिरत राहिलं. मोबाईलवर ०२० ने सुरू होणारा नंबर दिसला की छातीत धस्स व्हायचं, आणि निघायचा कर्जाचा किंवा विम्याचा फोन. दुसऱ्या कुणाचं पुस्तक हातात धरवेना. नवीन काही लिहायला घ्यायचं तर आधीचं चांगलं आहे की नाही हेच ठाऊक नाही, मग पुढचं कशाच्या जोरावर लिहायचं, असं त्यांना वाटायचं. लग्नाकार्यात पाहुणे विचारायचे, "काय झालं वो तुमच्या पुस्तकाचं?" पुढे पुढे ते कार्यालाच जाईनासे झाले. वहिनी एकट्या जाऊन यायच्या.

हा ताण मी बऱ्याच जणांत पाहिला आहे, आणि त्याला हळवेपणा म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही. पहिलं पुस्तक लिहिणाऱ्याकडे स्वतःला लेखक म्हणवून घ्यायला दुसरा पुरावा नसतो. कॉलेज सोडून तीस वर्षं झालेली, आजूबाजूला लिहिणारं कोणी नाही, घरच्यांनी रात्रीचा दिवा सहन केलेला. एवढं सगळं एका अनोळखी वाचकाच्या 'हो' किंवा 'नाही'वर टांगलेलं असतं. नकार आला तर निदान रडता तरी येतं. काहीच येत नाही, तेव्हा माणूस दोन्ही शक्यता रोज नव्यानं जगतो.

एप्रिलमध्ये हळदीचे सौदे जोरात होते. त्या गर्दीत दिवाणजींनी एका शेतकऱ्याच्या ढिगाचा भाव दुसऱ्याच्या नावापुढे लिहिला. शेतकऱ्याच्या हिशोबाची पट्टी निघायच्या आधी शेटजींच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. "दिवाणजी, लक्ष कुठाय?" एवढंच शेटजी म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांच्या आकड्यात चूक सापडली नव्हती. शेतकऱ्याच्या पैशाशी खेळ झाला असता, हे त्यांना फार लागलं. त्याच महिन्यात ते कट्ट्यावर आले आणि त्यांनी पहिल्यांदा हे सगळं बोलून दाखवलं.

पलीकडच्या बाजूला काय चालतं

पर्याय तपासण्याआधी कट्ट्यावर आम्ही एक काम केलं. प्रकाशनव्यवहार जवळून पाहिलेल्या दोघांना बोलावून बाड पोचल्यावर त्याचं काय होतं ते विचारलं. नवलेखकाला अंधारातच जास्त भीती वाटते, असा माझा अनुभव आहे.

मराठीतल्या बहुतेक प्रकाशनसंस्था मोजक्या माणसांवर चालतात. आलेली बाडं बाहेरच्या वाचकांकडे जातात. कुणी प्राध्यापक, कुणी समीक्षक, कुणी निवृत्त संपादक. त्यांना मानधन जेमतेम किंवा नाहीच. बाड त्यांच्या घरी टेबलावर पडून राहतं, आणि प्रकाशकालाही ते कुठवर आलं हे माहीत नसतं. शिवाय वर्षाचं एक चक्र आहे. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठीत दिवाळी हा वाचनाचा हंगाम झाला. आजही जून-जुलैपासून दिवाळीपर्यंत संपादक, लेखक, वाचक ही मंडळी अंकांत गुंतलेली असतात, आणि बाडं वाचणारी माणसं बरीचशी तीच. नंतर साहित्य संमेलनाच्या आधी पुस्तकं बाहेर काढायची घाई. मार्चअखेरीस ग्रंथालयांची खरेदी आणि हिशोब. नव्या लेखकाचं बाड शांतपणे वाचायला सवड मिळते ती या फटींमध्ये.

हे ऐकून दिवाणजींच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा उतरला. हळदीचा हंगाम त्यांना कळत होता, तसा पुस्तकांचाही असतो हे समजल्यावर शांततेचा अर्थ लगेच 'नकार' असा लावणं त्यांनी थांबवलं.

समोरचे पर्याय

जुलै २०२२ उजाडला, सहा महिने झाले, उत्तर नव्हतं. त्या वेळी पुढचे मार्ग समोर होते.

नुसतं थांबायचं. दिवाणजींचा कल इकडे होता. "मोठी माणसं आहेत, मागे लागलो तर रागावतील." ही भीती नव्या लेखकांत सरसकट दिसते आणि ती बहुतेक वेळा निराधार असते. सभ्य भाषेत चौकशी केली म्हणून चांगलं बाड कोणी नाकारत नाही.

ओळख काढायची. एक निवृत्त प्राध्यापक त्या प्रकाशकांना ओळखत होते. यावर कट्ट्यावर बराच वाद झाला. 'वाचलं गेलं का' एवढं ओळखीतून विचारायला हरकत नाही, 'छापा' असं सांगायला लावणं चूक, असं माझं मत होतं आणि आहे. दिवाणजींनी दोन्ही नको म्हटलं. ओळखीनं आलेला होकार आपल्याला आयुष्यभर खुपेल, असं ते म्हणाले.

एकाच वेळी आणखी प्रकाशकांना पाठवायचं. मराठीत एका वेळी एकाच प्रकाशकाकडे द्यायचा रिवाज आहे, काही प्रकाशक तसं स्पष्ट सांगतातही. वाचणारा आपला वेळ घालवतो, म्हणून त्याला अंधारात ठेवणं बरं नाही. पण उत्तराची मुदत न सांगता लेखकाला वर्षभर बांधून ठेवणंही न्यायाचं नाही. 'हे बाड अमुक ठिकाणीही दिलं आहे' असं आधीच लिहून कळवलं तर त्यात गैर काही नाही, असं मला वाटतं.

शासनाच्या महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाकडे नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदानाची योजना आहे, तिकडे अर्ज करायचा. अट अशी की त्याआधी लेखकाचं पुस्तक प्रसिद्ध झालेलं नसावं. हा मार्ग राखून ठेवायचं ठरलं.

स्वखर्चानं छापायचं. हा विचार तेव्हा कोणी फारसा केला नाही. पुढे तोच सगळ्यात जड गेला.

पहिला निर्णय : तारीख घालून पत्र

जुलैच्या मध्यावर दिवाणजींनी ईमेल केला, त्याचीच प्रत टपालानं पाठवली. मजकूर असा :

"स.न. वि.वि. जानेवारीत मी आपणांकडे कादंबरीचं हस्तलिखित पाठवलं होतं. ते वाचकांकडे दिल्याचं आपण दूरध्वनीवर सांगितलं होतं. दिवाळी अंकांच्या दिवसांत आपण व्यग्र असाल याची कल्पना आहे. तरी १५ सप्टेंबरपर्यंत आपला निर्णय, किंवा निर्णयास आणखी किती अवधी लागेल, हे कळवावं ही विनंती. त्या तारखेपर्यंत काही न कळल्यास हस्तलिखित अन्य प्रकाशकांकडे पाठवण्यास मी मोकळा आहे असं समजेन. आपण वेळ दिलात याबद्दल आभारी आहे."

शेवटून दुसऱ्या वाक्यावर त्यांचा हात अडला होता. धमकीसारखं वाटेल, म्हणत होते. मला ते वाक्य पत्रातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. प्रकाशकानं काहीही केलं नाही तरी त्या वाक्यामुळे एका ठराविक दिवशी लेखक मोकळा होतो. त्यानंतरच्या शांततेला अर्थ मिळतो.

१५ सप्टेंबर उलटला. उत्तर आलं नाही. दिवाणजींनी हस्तलिखित मागे घेतल्याचं दोन ओळींचं पत्र पाठवलं. स्पायरल परत मागवण्यात त्यांनी वेळ घालवला नाही. ते परत आलंही नाही.

दरम्यान कुणीतरी त्यांना घाबरवलं होतं : बाड तिकडेच राहिलं, उद्या कुणी स्वतःच्या नावावर छापलं तर? कॉपीराइट कायदा १९५७चा आहे आणि त्यानुसार लेखन कागदावर उतरल्याक्षणी हक्क लेखकाचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. दिवाणजींकडे हाताच्या वह्या होत्या, डीटीपीची बिलं होती, तारखा असलेले ईमेल होते. या बाबतीत काळजीचं कारण नव्हतं आणि ते त्यांना लवकर पटलं.

दुसरा निर्णय : नकार आल्यावर काय करायचं

दुसरे प्रकाशक मुंबईचे. त्यांना आधी एक पानाचा गोषवारा आणि पहिली तीन प्रकरणं युनिकोडमध्ये हवी होती. डीटीपीवाल्यानं काम जुन्या फॉन्टमध्ये केलेलं, त्यामुळे रूपांतरात रफार उडाले, जोडाक्षरं फुटली. दिवाणजी दिवाळीपर्यंत रात्री बसून अक्षर न् अक्षर दुरुस्त करत राहिले. कंटाळवाणं काम. पण पाठवल्यानंतर पहिल्यांदाच त्यांनी आपली कादंबरी सावकाश वाचली ती या निमित्तानं.

दिवाळी झाल्यावर, नोव्हेंबर २०२२ मध्ये, मजकूर गेला. या वेळी पत्रातच लिहिलं होतं : 'फेब्रुवारीअखेर चौकशी करेन.' या वाक्यानं त्यांच्या दिवसांत केवढा फरक पडला, ते मी पाहिलं. फेब्रुवारीअखेरपर्यंत फोनकडे बघायचंच नाही, असं ठरून गेलं होतं. संक्रांतीला ते औदुंबरला गेले. तिथे कृष्णाकाठी दरवर्षी साहित्य संमेलन भरतं, सदानंद साहित्य मंडळ ते भरवतं. मांडवात शेजारी बसलेल्या दोघा-तिघांशी बोलताना कळलं की प्रत्येकाचं काही ना काही कुठेतरी 'वाचायला दिलेलं' आहे. परतल्यावर ते कितीतरी दिवसांनी मोकळेपणी हसले.

फेब्रुवारी २०२३ मध्ये ईमेल आला. साभार परत. पण खाली तीन ओळी होत्या : विषय वेगळा आहे, भाषा अस्सल आहे, मात्र पहिली साठ पानं माहिती देतात, कादंबरी त्यानंतर सुरू होते.

दिवाणजी पुढच्या दोन कट्ट्यांना आले नाहीत. तिसऱ्यांदा आले ते खुणा केलेली प्रत घेऊन. पहिली साठ पानं त्यांनी मार्केट यार्ड, सौदे, अडत, तोलाई समजावून सांगण्यात घालवली होती. पेव पहिल्यांदा येत होतं अठ्ठावन्नाव्या पानावर.

इथे दोन रस्ते होते. एक म्हणजे आहे तसंच बाड लगेच तिसरीकडे पाठवायचं. एका वाचकाचं मत म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, आणि एका मतासरशी बाड बदलत बसणाऱ्या लेखकाचं लेखन शेवटी कुणाचंच राहत नाही. दुसरा, थांबून पुन्हा लिहायचं. दिवाणजींनी स्वतःला एक प्रश्न विचारला : हे आपल्याला युनिकोड दुरुस्त करताना जाणवलं होतं का? जाणवलं होतं. तिथे हात आपोआप भराभर चालला होता. निर्णय तिथेच झाला. नकारातला शेरा स्वतःच्या जुन्या शंकेशी जुळतो का, ही मला यातली सर्वांत उपयोगी कसोटी वाटली. जुळत नसेल तर तो शेरा बाजूला ठेवायला हरकत नाही.

नव्या खर्ड्यात कादंबरी पेव उघडण्यापासून सुरू होते. बंद पेवात प्राणवायू उरत नाही, म्हणून उतरण्याआधी कंदील सोडून बघतात. तो विझला तर माणूस उतरत नाही. वडिलांचा हात, दोर, खाली जाणारा कंदील. बाजाराची माहिती पुढे जिथे लागेल तिथे आली. १५ फॉर्मांचे १३ झाले, २०८ पानं.

तिसरा निर्णय : पैसे भरून छापायचं का

पुनर्लेखन अर्ध्यावर असताना, मे २०२३ मध्ये, दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका प्रकाशकाचा फोन आला. कुठून तरी नाव कळलं होतं. 'सहयोगी तत्त्वावर' ३०० प्रती, ७८ हजार रुपये, दोन महिन्यांत पुस्तक हातात, प्रकाशन समारंभ वेगळा.

दीड वर्ष वाट पाहिलेल्या माणसाला 'दोन महिन्यांत' हे शब्द काय वाटले असतील! विम्याचे पैसे नुकतेच आले होते. दिवाणजी जवळजवळ तयार झाले. आणि मला त्यात त्यांचा दोष दिसत नाही. स्वखर्चानं पुस्तक काढणं कमीपणाचं नाही, मराठीतल्या अनेक चांगल्या कवितासंग्रहांचा पहिला खर्च कवींनी उचलला आहे. प्रश्न इतकाच की आपण नेमकं काय विकत घेतो आहोत.

ते तपासायला आम्ही बसलो. दिवाणजींनी आधी सांगलीतल्या छापखान्यात तेवढ्याच पानांचा, तेवढ्याच प्रतींचा नुसत्या छपाई-बांधणीचा दर काढला. तो मागितलेल्या रकमेच्या निम्म्याहून कमी निघाला. उरलेले पैसे संपादन, मुखपृष्ठ आणि वितरणाचे, असं सांगण्यात आलं. कोणत्या शहरांत, कोणत्या विक्रेत्यांकडे, असं विचारल्यावर नेमकं उत्तर आलं नाही. संपादक कोण, याचंही नाही. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक, मिळवून देण्याचे वेगळे पैसे लावले होते. भारतात तो क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो.

करारनाम्यात 'सर्व हक्क प्रकाशकाकडे' असं होतं. किती काळासाठी, ते नव्हतं. कॉपीराइट कायद्याच्या १९व्या कलमाप्रमाणे हक्काचं हस्तांतर लेखी असावं लागतं, मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतं. म्हणजे हक्क कायमचे गेले नसते. पण पैसे आपण भरायचे आणि हक्कही आपणच द्यायचे, याचा हिशोब आयुष्यभर हिशोब लिहिलेल्या माणसाला जुळेना.

आणखी एक गोष्ट होती. पुस्तक असं निघालं असतं की नवलेखक अनुदानाचा रस्ता बंद. राज्य वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनासाठी स्वतंत्र विभाग आहे, तिथेही हेच घाईतलं, असंपादित पुस्तक 'पहिलं' म्हणून गेलं असतं. पहिलं पुस्तक लेखकाला एकदाच मिळतं.

तरीही निर्णय झाला तो वहिनींच्या प्रश्नानं. आमची कागदपत्रं बघून त्या म्हणाल्या, "आणि ही तीनशे पुस्तकं ठेवायची कुठं? पाणी आलं तर आधी काय उचलायचं, धान्य का पुस्तकं?" कोणी विकणार नसेल तर पुस्तकं घरीच येणार, हे आमच्यापैकी कुणी इतक्या सरळ मांडलं नव्हतं. दिवाणजींनी दुसऱ्या दिवशी नकार कळवला. त्यानंतर त्या प्रकाशकाचे दोनदा फोन आले, दर वेळी रक्कम कमी होत गेली.

पुढे काय झालं

जूनमध्ये नव्या खर्ड्यातलं पेव उघडण्याचं प्रकरण, स्वतंत्र कथा म्हणून उभं राहील इतकं जुळवून, एका दिवाळी अंकाकडे पाठवलं. ते स्वीकारलं गेलं आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये छापून आलं. हरिपूरच्या एका म्हाताऱ्यानं अंक वाचून दिवाणजींना गाठलं आणि पेवाच्या तोंडाचं माप चुकलंय असं सांगितलं. दिवाणजींनी ते दुरुस्त केलं.

डिसेंबरमध्ये कोल्हापूरच्या एका छोट्या प्रकाशकाकडे गोषवारा, तीन प्रकरणं आणि ती छापील कथा गेली. पत्रात पुन्हा तारीख. या वेळी दोन महिन्यांच्या आत उत्तर आलं : पूर्ण बाड पाठवा. मे २०२४ मध्ये होकार. एक उपकथानक काढावं अशी सूचना होती. ते मुलीच्या लग्नाचं होतं, दिवाणजींना प्रिय होतं, बऱ्याच बोलण्यानंतर अर्धं राहिलं.

करार दोन पानांचा झाला. ४०० प्रतींची पहिली आवृत्ती, लेखकाकडून एक पैसा नाही, छापील किमतीवर १० टक्के मानधन, हक्क फक्त मराठी मुद्रित आवृत्तीचे आणि पाच वर्षांसाठी. अनुवाद, ई-बुक, ध्वनिमुद्रण, चित्रपट हे सगळं लेखकाकडे. वर्षातून एकदा विक्रीचा लेखी हिशोब. हे शेवटचं कलम दिवाणजींनी स्वतः घालून घेतलं.

होकारानंतरही वाट पाहणं होतंच. प्रुफं, मुखपृष्ठ, दिवाळी, कागदाचा दर. पुस्तक डिसेंबर २०२४ मध्ये आलं. किंमत ३०० रुपये. पहिल्या वर्षाच्या हिशोबात २३० प्रती गेल्या होत्या, त्यातल्या बऱ्याच ग्रंथालयांना. मानधन ६,९०० रुपये झालं. पुण्याच्या पहिल्या प्रकाशकाकडून अजून काही कळलेलं नाही.

काय वेगळं करता आलं असतं

बाड पाठवण्याआधी ते दोन अनोळखी वाचकांना द्यायला हवं होतं. आधी वाचलं ते घरच्यांनी आणि अडतीतल्या एका मित्रानं. त्यांना बाजार माहीत असल्यामुळे पहिली साठ पानं खुपलीच नाहीत. हळदीचा सौदा कधी न पाहिलेल्या कुणीही हे आठवड्याभरात सांगितलं असतं, आणि मुंबईच्या प्रकाशकाकडे कदाचित नवाच खर्डा गेला असता.

पहिलं चौकशीचं पत्र जुलैऐवजी जूनच्या सुरुवातीला जायला हवं होतं, अंकांची गडबड सुरू व्हायच्या आधी. चार महिन्यांची बोली मे महिन्यातच संपली होती. जुलै हाच वर्षातला सर्वांत वाईट महिना.

पहिल्या प्रतीक्षेतच एखादं प्रकरण दिवाळी अंकाकडे पाठवता आलं असतं. २०२२चा एप्रिल-मे त्यासाठी योग्य होता. त्यातून प्रकाशकासमोर छापील काही ठेवता आलं असतं, आणि त्याहून मोठं म्हणजे वर्षभर आधी कुणीतरी वाचलं असतं. दिवाणजींना खरी भूक त्याचीच होती.

प्राध्यापकांच्या ओळखीबद्दल आमचं अजून एकमत नाही. मला वाटतं, 'बाड वाचलं गेलं का' एवढं विचारून घेतलं असतं तर उन्हाळ्याचे महिने वाचले असते. दिवाणजी आजही नाही म्हणतात, आणि त्यांच्या म्हणण्याला वजन आहे : एकदा फोन गेला की पलीकडच्या माणसाला 'विचारणं' आणि 'सुचवणं' यांतला फरक उरत नाही.

पैसे घेऊन छापणाऱ्या प्रकाशकाला लगेच नाही न म्हणता दर, करार, वितरण तपासून मग नाही म्हटलं, ते योग्यच झालं असं मी धरते. त्या तपासणीतून जे कळलं, त्याच्या आधारावर पुढे कोल्हापूरच्या करारात कोणती कलमं मागायची हे दिवाणजींना ठाऊक होतं.

आता कट्ट्यावरून जाणाऱ्या प्रत्येक बाडासोबत तीन गोष्टी ठरवूनच ते पाठवलं जातं : चौकशी कोणत्या तारखेला करायची, ते पत्रात कसं लिहायचं, आणि उत्तर न आल्यास पुढचा प्रकाशक कोणता. दिवाणजी त्याची वही ठेवतात. सध्या तिच्यात पाच जणांची नावं आहेत. त्यांतलं एक दिवाणजींचंच, दुसऱ्या कादंबरीसाठी. चौकशीची तारीख २८ फेब्रुवारी.